मदत हवी आहे : घरी कन्नड, अंगणवाडीत मराठी. आधी बोलतं करू की अक्षरं शिकवू?

नमस्कार. मी कर्नाटक सीमेलगतच्या जत तालुक्याच्या (जि. सांगली) पूर्व भागात अंगणवाडी सेविका आहे. माहेर तासगावकडचं, त्यामुळे कन्नड मला तोडकंमोडकंच येतं. पटावर ३ ते ६ वयाची २२ मुलं. त्यातल्या १४ जणांच्या घरी कन्नडच बोलतात.

परवा तक्त्यावर बोट ठेवून म्हटलं, "उ उंटाचा." समोरची चार वर्षांची पोरगी पटकन उठली, हात धुऊन आली आणि आपली ताटली घेऊन बसली. मला काही उमगेना. मदतनीस मावशी म्हणाल्या, "अहो ताई, कन्नडमध्ये ऊट म्हणजे जेवण!" खिचडी शिजायला अजून अर्धा तास होता, आणि ती रिकामी ताटली मांडीवर धरून माझ्याकडे बघत राहिली. तिचं काहीच चुकलं नव्हतं. ऐकलं, अर्थ लावला, तसं वागली. तेव्हापासून तक्ता पुढे करायला मन होत नाही.

पालक विचारतात, "पाटी कोरी कशी येते? शेजारच्या गावातलं पोर एबीसीडी लिहितंय." दोघांनी तर जूनपासून पोरांना तिकडच्या शाळेची गाडी लावायचं ठरवलंय. २०२० च्या शैक्षणिक धोरणात ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय, त्यात खेळ, गोष्टी आणि घरची भाषा यांवर भर आहे, हे मी सांगते. पण दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला निघणाऱ्या आईला धोरण सांगून काय समाधान होणार?

शेंगा सोलणं, मणी ओवणं, शब्दांच्या टाळ्या (बा-हु-ली, तीन टाळ्या) यात सगळी रमतात. गोष्ट सुरू केली की कन्नड घरातली मुलं गप्प. आपसात मात्र अखंड बडबड. कन्नड न येणाऱ्या बाईने यांना गोष्ट कशी सांगावी? अक्षरं कुठून सुरू करावीत? सीमाभागात काम केलेलं कुणी असेल तर कृपया लिहा.

प्रतिसाद – मिरजेची बालवाडीताई (निवृत्त)
ताई, तक्ता गुंडाळून ठेवा. 'अ अननसाचा' कशाला, 'अ अक्काचा' घ्या. अक्का आणि अण्णा दोन्ही भाषांत आहेत, बहुतेक घरांतही आहेत. कन्नड वर्णमालाही अ आ इ ई, क ख ग घ अशीच चालते, वळण तेवढं वेगळं. म्हणजे घरी कुणी कन्नड वाचणारं असेल तर तुम्हाला मदतच आहे. टाळ्या सोडू नका. आपल्या लिपीत बहुतेक वेळा एक टाळी म्हणजे एक अक्षर, त्यामुळे कान तयार झाला की पुढे वाचन सोपं जातं.

गोष्टीसाठी गावातली एखादी अज्जी बोलवा. तिने कन्नडमध्ये सांगायची, तुम्ही मुलांत बसून ऐकायची. दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट, तीच चित्रं, तुम्ही मराठीत. गोष्ट ओळखीची असली की नवे फक्त शब्द राहतात. माझी मुलं पहिले तीन आठवडे मराठीत चकार शब्द बोलली नव्हती, मी फार घाबरले होते. "कोल्हा कुठाय?" विचारल्यावर बोट चित्रावर बरोबर जातं का, एवढंच बघत राहा.

प्रतिसाद – पहिलीचा वर्ग, सातारा
सगळी मुळाक्षरं गिरवून आलेली मुलं माझ्याकडे येतात, पण "काल काय केलंस?" विचारलं की दोन वाक्यं जुळत नाहीत. अक्षर ओळखतात, शब्दापाशी अडतात. पाटी हवीच असेल तर मुलाने काढलेलं चित्र पाठवा आणि ते काय सांगतं ते खाली तुम्ही लिहा. अक्षरांची वेळ आली की ग म भ न, वळण सारखं आहे.

जतची सेविका
दोघांचे मनापासून आभार. त्याच पोरीची अज्जी गुरुवारी यायला तयार झालीय. आज पोरीने पाटीवर मोठा गोल काढला, आत ठिपके, आणि म्हणाली "ऊटा". मी देवनागरीत 'ऊटा' लिहून दिलंय. शेजारी 'जेवण' लिहायला हवं होतं का?