लाईट बिल अजून वडिलांच्या नावावर आहे, सूर्यघरचा फॉर्म कसा भरायचा?

कराडचा_सुमित

नमस्कार मंडळी, पोस्ट जरा लांबली आहे, सांभाळून घ्या. मी पुण्यात असतो, आई कराडजवळ गावी एकटी असते. स्वतःचं स्लॅबचं घर आहे आणि वर टेरेस मोकळंच आहे, म्हणजे पापड वाळत घालण्यापुरतंच वापरात. लाईट बिल एरवी दीड हजाराच्या आसपास येतं, मे महिन्यात आम्ही सगळी पोराबाळांसकट जाऊन बसलो की अडीच-तीन हजार. आता गावात कोणीतरी आईला सांगितलं की सूर्यघर म्हणून सरकारची योजना आलीय, फॉर्म भरला की महिन्याला ३०० युनिट माफ. मला वाटलं असं सरसकट कोण माफ करतंय, पण तेवढ्यात एक माणूस टॅब घेऊन घरीच आला, म्हणाला रजिस्ट्रेशनचे दीड हजार द्या, गच्चीवर ३ किलोवॅटचं सोलर बसवा, १ लाख ९५ हजार होतील, त्यातले ७८ हजार सबसिडीचे आम्हीच वजा करून देतो, तुम्ही नुसता कॅन्सल चेक आणि आधार द्या.

आता घोळ असा की बिल वडिलांच्या नावावर आहे आणि वडील २०१९ ला गेले. तो म्हणतो काही अडत नाही, त्यांचंच आधार कार्ड द्या, बाकी आम्ही बघतो. हे मला काही पटेना. नाव बदलून घेऊ म्हटलं तर आईच नाराज, "इतकी वर्षं त्यांच्या नावानं बिल येतंय, येऊ दे की, तुझं काय जातंय". तर हे नक्की काय आहे, बिल माफ होतं का, आणि वडिलांच्या नावावर फॉर्म चालतो का? कोणी स्वतः केलं असेल तर सांगा, यूट्यूबवाले सगळे एकच पोपटपंची करतायत.

जळगावचं_ऊन

सुमित भाऊ, पहिली गोष्ट, त्या माणसाला दीड हजार देऊ नका. योजनेच्या सरकारी पोर्टलवर अर्ज करायला एक रुपया लागत नाही.

दुसरं, माफी वगैरे काही नाही. योजनेच्या नावात "मुफ्त बिजली" आहे म्हणून सगळ्यांचा हाच गैरसमज होतो, आमच्या गल्लीत पण दोघं जण फॉर्म भरून तीन महिने बिल कमी व्हायची वाट बघत बसले होते. सरकार पैसे देतं ते गच्चीवर सोलर बसवायला, फेब्रुवारी २०२४ पासून ही योजना सुरू आहे. पहिल्या २ किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, म्हणजे ३ किलोवॅटला ७८ हजार आणि त्याच्यावर कितीही मोठं बसवलं तरी ७८ च. पॅनल आणि इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात वापरता येईल अशी करणारं यंत्र) यांच्या किलोवॅटमधला जो आकडा लहान असेल तो धरतात, त्यामुळे मोठे पॅनल आणि छोटा इन्व्हर्टर असं कोणी गळ्यात मारत असेल तर बघून घ्या. ३०० युनिट म्हणजे साधारण तेवढी वीज तुमच्याच छतावर तयार होईल असा हिशोब आहे.

मी ३ किलोवॅट बसवलंय. १ किलोवॅटला दिवसाला सरासरी ४ युनिट पकडा, पावसाळ्यात कमी, आणि आमच्याकडे उन्हाळ्यात पॅनलवर इतकी धूळ बसते की दर रविवारी पहाटे पाईप घेऊन वर जावं लागतं (उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका, तडकायची भीती). बिल शून्य होतच नाही. स्थिर आकार आणि त्याच्यावरचा कर लागतोच, मला दीडशेच्या आसपास येतं. पूर्वी एसी चालवला की साडेचार हजार यायचं, त्यामुळे दीडशेला मी काही म्हणत नाही.

आणि आईंना ३ किलोवॅट कशाला? बिलावर मागच्या बारा महिन्यांचा वापर छापलेला असतो, तेवढा इथे टाका मग बोलू.

नीता_कुलकर्णी_सांगली

नावाबद्दल मी सांगते कारण आम्ही यातच सात महिने घालवलेत. सासरे गेलेले, बिल त्यांच्या नावावर, आणि आम्ही पण असेच शहाणे, म्हटलं आधी फॉर्म भरू नाव नंतर बघू. अर्ज ग्राहक क्रमांकावरून होतो आणि बिलावर जे नाव तेच पुढे सगळीकडे येतं. सोलर बसलं, मीटर पण बदललं, आणि शेवटी सबसिडीसाठी बँक खातं टाकायची वेळ आली तेव्हा खातं सासूबाईंचं आणि ग्राहक सासरे. झालं, अडकलं. मग उलट्या क्रमानं सगळं परत, नाव बदल, पोर्टलवर तक्रार, परत वाट बघा. चूक आमचीच, पण व्हेंडरनं एका शब्दानं सांगितलं नाही, त्याचे पैसे तोवर पूर्ण मिळाले होते ना.

तर आधी नाव बदला. महावितरणच्या साईटवरून अर्ज करता येतो. आम्हाला मृत्यू दाखला, सासूबाईंचं आधार, घरपट्टीची पावती आणि बाकी वारसांचं ना-हरकत एवढं लागलं. थकबाकी असेल तर आधी भरून टाका, त्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. आणि अर्ज "नाव बदल" चा करा, "नावात दुरुस्ती" चा नको, ते स्पेलिंग चुकलं असेल तर. घरपट्टीवर कोणाचं नाव आहे ते पण आत्ताच बघून घ्या, बऱ्याच घरात ते पण गेलेल्या माणसाचंच असतं आणि मग आधी ग्रामपंचायतीत हेलपाटे.

आईंचं म्हणाल तर आमच्या सासूबाई पण रुसल्या होत्या. त्यांचं म्हणणं दारावरची पाटी आणि लाईट बिल एवढंच तर राहिलंय त्यांच्या नावाचं. आम्ही पाटी नवीन करून घेतली, नाव तेच ठेवून, मग सही केली त्यांनी.

डोंबिवली_फास्ट_ट्रॅक

हे फ्लॅटवाल्यांना मिळतं का? आमची गच्ची सोसायटीची आहे, सेक्रेटरी म्हणतात एकट्याला बसवू देणार नाही.

जळगावचं_ऊन

@डोंबिवली, बरोबर बोलतायत ते, छतावर तुमचा हक्क लागतो. सोसायटीनं मिळून बसवलं तर लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे, गाड्यांचं चार्जिंग अशा कॉमन वापरासाठी किलोवॅटला १८ हजार मिळतात, ५०० किलोवॅटपर्यंत. तुमच्या घरातलं बिल नाही कमी होणार, मेंटेनन्स कमी होऊ शकतो. सेक्रेटरी ऐकतील का ते तुमचं तुम्ही बघा 😄

कराडचा_सुमित

खूप धन्यवाद सगळ्यांना. आईला फोन करून बिल वाचायला लावलं, चष्मा शोधण्यात दहा मिनिटं गेली. थंडीत ९० च्या आसपास युनिट, एरवी १३० ते १७०, मे महिन्यात २६०. बारा महिन्यांची बेरीज १८५० आली.

पत्र्याचं_घर

१८५० म्हणजे महिन्याला १५५ युनिट पण नाही. ३ किलोवॅट महिन्याला ३६० काढेल, काय करणार उरलेल्याचं? नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे तुम्ही लाईनला दिलेली वीज तुमच्या वापरातून वजा होते त्यात, जादाची युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात हे खरं, पण ३१ मार्चला हिशोब होतो आणि शिल्लक राहिलेली वीज कंपनी जो भाव देते तो तुम्ही विकत घेता त्याच्यापेक्षा बराच कमी असतो. म्हणजे विकून श्रीमंत होण्याचा विचार सोडा.

मी तर म्हणेन १ की २ असा विचार करा. आपल्याकडे पहिली १०० युनिट स्वस्त आणि १०१ पासून दर एकदम चढतो, साधारण दुपटीच्या घरात. आईंचं खरं बिल त्या वरच्या ५०-५५ युनिटनं वाढतंय. १ किलोवॅटचे १२० युनिट आले तरी तो महागाचा भाग गेला, राहिलेले तीसेक युनिट स्वस्तातल्या दरानं. पण पुढे एसी, गिझर, इंडक्शन असं काही येणार असेल तर २ घ्या, सबसिडी ६० हजार, आणि १ ला दोनशे स्क्वेअर फूट म्हणजे पापडांना जागा राहते. व्हेंडर ३ सांगतो कारण त्याला ७८ हजार हा आकडा दाखवायला बरा पडतो. माझ्या चुलत भावाला असंच ५ किलोवॅट लावलं, घरात माणसं दोन आणि एक म्हैस.

अजून एक, ज्यांचं बिल मुळातच १०० युनिटच्या आत आहे त्यांच्यासाठी राज्याची वेगळी स्मार्ट नावाची योजना आहे, १ किलोवॅटसाठी. दारिद्र्यरेषेखालच्या घराला केंद्राचे ३० हजार आणि वर राज्याचे साडेसतरा, स्वतःचे अडीच हजार भरायचे. तुमच्या आई त्यात बसत नाहीत पण गावात सांगून ठेवा, ज्यांना खरी गरज आहे त्यांच्यापर्यंत टॅबवाला माणूस जातच नाही.

पत्र्याचं_घर

वर "१ ला दोनशे" लिहिलं गेलं, १ किलोवॅटला साधारण १०० स्क्वेअर फूट आणि २ ला दोनशे असं वाचा. मोबाईलवरून टाईप करतोय.

इचलकरंजी_माग

सबसिडी वजा करून देतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा. सबसिडी थेट ग्राहकाच्या खात्यात येते, मीटर बसून पोर्टलवर सगळं पूर्ण झालं की नियमाप्रमाणे ३० दिवसांत, मला २३ व्या दिवशी मेसेज आला. व्हेंडरचा त्या पैशाशी काही संबंध नाही, मग तो कशातून वजा करणार? एक तर किंमत आधीच फुगवलेली असते नाहीतर तुमचा कोरा चेक त्याला पाहिजे असतो.

माझी गोष्ट सांगतो. पहिल्या व्हेंडरनं बाकीच्यांपेक्षा २० हजार कमी सांगितले म्हणून खुश होतो. टेम्पो दारात आला, पॅनल उतरवताना मी मागचं स्टिकर बघितलं, मेड इन इंडिया लिहिलेलं, म्हटलं बरं आहे. पण माझा मेहुणा याच लाईनमध्ये, तो व्हिडिओ कॉलवर म्हणाला डीसीआर सर्टिफिकेट माग. पॅनल इथे जोडलेलं असून चालत नाही, आतले सेल पण भारतात बनलेले लागतात, नाहीतर सबसिडी नाही. तर तो माणूस सर्टिफिकेट उद्या देतो, परवा देतो, मग फोनच उचलेना. पॅनल चार दिवस आमच्या मागाच्या शेडमध्ये पडून होते, शेवटी त्याचा टेम्पो परत बोलावला. ॲडव्हान्स १० हजार मिळवायला दोन महिने गेले. दुसऱ्याकडून घेतलं तेव्हा सर्टिफिकेट आधी, पॅनल नंतर, पैसे त्याच्यानंतर. पोर्टलवर रजिस्टर असलेल्यांच्याच यादीतून निवडा आणि पाच वर्षं देखभाल त्याच्याकडेच असते हे करारात वाचून घ्या.

पैसे एकदम नसतील तर बँकेचं बिनतारण कर्ज मिळतं, ३ किलोवॅटपर्यंत २ लाखाच्या आत, व्याज होम लोनच्या आसपास किंवा कमीच. आणि सप्टेंबर २०२५ पासून सोलरच्या सामानावरचा जीएसटी १२ चा ५ टक्के झालाय, जुन्या कोटेशनवर सही करू नका.

वाई_पाचगणी_वळण

एक कोणी सांगत नाही म्हणून लिहितो, लाईट गेली की हे सोलर पण बंद पडतं. भर दुपारी बारा वाजता ऊन डोक्यावर आणि घरात पंखा बंद, आमच्या आजीनं मला त्या दिवशी जे ऐकवलंय ते इथे लिहिता येणार नाही. लाईनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक लागू नये म्हणून ते मुद्दाम तसं केलेलं असतं. बॅटरीवालं पाहिजे असेल तर हायब्रीड इन्व्हर्टर घ्यावा लागतो, तो महाग, आणि बॅटरीला सबसिडी नाही. गावाकडे आठवड्याला एक दिवस तर लाईट जातेच, तेव्हा आईंना आधीच सांगून ठेवा.

नीता_कुलकर्णी_सांगली

सुमित, अजून एक विचारायचं राहिलं, गॅस कोणाच्या नावावर आहे? आईंच्या नावावर नसेल तर ते पण याच फेरीत करून टाका. अन्नपूर्णा योजनेत वर्षाला ३ सिलेंडरचे पैसे परत मिळतात, उज्ज्वलावाल्यांना आणि लाडकी बहीण घेणाऱ्यांना, पण कनेक्शन बाईच्या नावावर पाहिजे. सिलेंडर आधी पूर्ण पैसे देऊन घ्यायचा, मग खात्यात जमा होतात. माझ्या जावेचं याच्यावरच अडलं, कार्ड दिरांच्या नावावर.

कराडचा_सुमित

नीताताई, काय सांगू, गॅस पण बाबांच्याच नावावर! आणि घरपट्टी पण. तुम्ही लिहिलंत म्हणून ग्रामपंचायतीत विचारलं, नाहीतर मी सरळ अर्ज करून मोकळा झालो असतो.

अपडेट देतो. टॅबवाल्याला नाही म्हणून सांगितलं, तो आईला म्हणाला योजना या महिन्यात बंद होणार, मग आईनंच त्याला चहा पाजून वाटेला लावलं. २ किलोवॅट करायचं ठरलंय, तीन कोटेशन मागवलीत, सगळ्यांना पहिला प्रश्न डीसीआरचा विचारतोय, दोघं उत्तर देतायत, तिसऱ्याचा अजून "सरांना विचारून सांगतो" चालू आहे. घरपट्टीचा वारस नोंदीचा अर्ज दिलाय, तो झाला की लगेच लाईटचा. वारस म्हणजे आई, मी आणि ताई. ताई बारामतीला असते, ती म्हणते दिवाळीला येते तेव्हा सही करते. म्हटलं तोपर्यंत अजून चार बिलं येतील, रविवारी मीच स्टॅम्प पेपर घेऊन जातोय.

नाव बदलाला आई तयार झाली पण अट घातलीय की जुनं एक बिल लॅमिनेट करून द्यायचं. देतो म्हटलं.

आता एकच शंका, टेरेसवर पाण्याची टाकी आहे, दक्षिणेच्या कडेला, हजार लिटरची काळी. तिची सावली पॅनलवर येईल का? काल दुपारी एकचा फोटो काढून आणलाय, टाकू का इथे?

जळगावचं_ऊन

दुपारचा काय कामाचा, तेव्हा सावली पायाखालीच असते. सकाळी ९ ला एक आणि संध्याकाळी ४ ला एक असे दोन काढा. आणि थंडीत सूर्य दक्षिणेकडे खाली असतो, सावली लांब पडते, तेव्हा दक्षिणेची टाकी म्हणजे त्रासच. व्हेंडरला म्हणावं आधी टाकी उत्तरेला घे, प्लंबरचे हजार-दीड हजार जातील, तेच त्या टॅबवाल्याचे वाचलेले समजा.