आल्टोच्या शॉकअपचा खालचा बोल्ट हलायलाच तयार नाही, काय करू?

देवबागचो_ड्रायव्हर

मंडळी अर्जंट मदत पाहिजे. गाडी आल्टो, २०११ ची, पहिल्यापासून देवबागातच, म्हणजे एका बाजूला कर्लीची खाडी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र, शेड आहे पण झापांची, त्यातून खारं वारं कसलं अडतंय. पुढचे दोन्ही शॉकअप गेलेत, खड्ड्यात ठणाठण वाजतात. नवीन जोडी कुडाळहून आणली आणि म्हटलं गणपतीला चाकरमानी यायच्या आत घरीच बसवू, व्हिडिओत तर अर्ध्या तासात होतं.

ड्रायव्हर साइडपासून सुरुवात केली. शॉकअप नकलला (चाक धरणाऱ्या लोखंडी भागाला) जिथे धरलेला असतो तिथे दोन बोल्ट आहेत. वरच्याचा नट निघाला पण बोल्ट भोकातून बाहेर येत नाही, खिळल्यासारखा बसलाय. खालच्याचा नटच हलत नाही. १७ चा रिंग पाना लावला, मग पान्यात सव्वा मीटर पाईप घातला आणि लटकलो, तर नट हलला नाही पण त्याचे कोपरे घासून गोल व्हायला लागलेत. डब्ल्यूडी-४० चा अर्धा डबा संपवला. गाडी जॅकवर आहे, सेफ्टीला खाली दोन चिरे लावलेत. आता पाईप अजून लांब घेऊ की गॅस मारू, म्हणजे गॅसच्या ज्योतीने तापवू? (आणि हो, खालून झोपून बघताना पहिली दहा मिनिटं मी नट उलटा आवळत होतो अशी मला दाट शंका आहे, हसू नका.)

रत्नांग्री_पाना

हसलो. सगळ्यांचं होतं ते, खाली झोपलं की डावं-उजवं फिरतं.

पण आधी ते चिरे काढ. जांभा घरासाठी चांगला, गाडीखाली नाही, एका जागी भार आला की तडा देत नाही, सरळ फुटतो, आणि तू वर पाईपला लटकतोयस. स्टँड मिळत असेल तर आण, नाहीतर लाकडाचे जाड ठोकळे लाव आणि काढलेलं चाक आडवं करून उंबऱ्याखाली सरकवून ठेव. हे झाल्याशिवाय पुढचं वाचू नको.

आता पाईप. ३० सेंटिमीटरच्या पान्यावर तू ३० किलोचा जोर दिलास तर नटावर साधारण ९० न्यूटन-मीटर टॉर्क (पिळण्याचा जोर) पडतो. तोच जोर सव्वा मीटरच्या टोकाला दिलास की ३७० च्या आसपास. १२ एमएमचा ८.८ ग्रेडचा (हा मजबुतीचा आकडा) बोल्ट आवळायलाच ८०-९० लागतात, म्हणजे तू चौपट देतोयस, वर लटकलास तर अजून जास्त. नशीब समज की कोपरेच गेले, बोल्ट पिळवटून तुटला नाही.

रिंग पान्याला आत बारा कोन असतात, तो नटाच्या टोकांवरच धरतो. सहा कोनी गोटी (सॉकेट) घे, ती सपाट बाजूंवर बसते. आधी तारेच्या ब्रशने बोल्टचे बाहेर आलेले आटे साफ कर, नाहीतर नट दोन आटे येऊन गंजातच परत अडकेल. डब्ल्यूडी-४० मुळात पाणी हटवायला बनवलेलं, जुन्या गंजात शिरायला वेगळं पेनिट्रेटिंग ऑइल मिळतं ते आण, संध्याकाळी मार, सकाळी परत मार, दोन-तीन दिवस असंच. मारल्यावर नटाच्या अंगावर हातोडीने टक टक कर, धक्क्याने गंजाला भेगा पडतात आणि तेल आत जातं. मग सोडवायच्या आधी किंचित आवळ. हो, आवळच. एकदा कुरकुरला की मागे-पुढे करत आण.

मुलुंड_ते_मालवण

एवढा खटाटोप कशाला, बॅटरीवाली इम्पॅक्ट गन (झटके देत नट फिरवणारी) आण भाड्याने, दोन सेकंदात काम. मी मुंबईत सगळं गनने करतो.

रत्नांग्री_पाना

भाऊ गन चांगलीच, पण कोपरे गोल झालेल्या नटावर गन लावलीस तर दोन सेकंदात उरलेलेही जातात. आणि मुंबईची गाडी अन् देवबागची गाडी यात फरक आहे. हवेत ओल ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून घेतं, पाऊस नसला तरी बोल्ट ओलाच राहतो. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून बोल्ट भोकात पाचरीसारखा आवळला जातो. त्याचा वरचा बोल्ट त्यामुळेच अडकलाय.

वेंगुर्ल्याचो_बोटवालो

बोटीच्या इंजिनाचां काम करतंय, आमच्याकडे ह्या रोजचाच असा. बाबा, नट आणि बोल्ट वाचवूक जाऊ नको. ती दोन पैशांची वस्तू. नकल वाचव.

अर्धो डिझेल अर्धो जुनो इंजिन ऑइल, कपड्याक लावून नटाक गुंडाळ आणि वर प्लास्टिक बांध, रात्रभर सुकणार नाय. गॅस मारलंस तर नटाक मार, बोल्टाक नको, नट फुगलो की ढिलो होता. आणि नट गरम असतानाच मेणबत्ती टेकव, मेण वितळान आट्यांत आपसूक ओढला जाता. पण तेल मारलेल्यावर लगेच आग लावू नको, पुसून घे आधी, माझी मिशी एकदा गेलेली असा.

डोंगरवाट_दापोली

वरचं सगळं बरोबर पण या कामात गॅस नको, कोणी सांगितलं नाही म्हणून लिहितोय. तो नट शॉकअपच्या बुडाशी आहे. आत तेल असतं आणि बऱ्याच शॉकअपमध्ये दाबाने गॅस भरलेला असतो, बंद नळी तापवणं म्हणजे फटाकाच. शेजारी ब्रेकचा होज आणि एक्सलचं रबर आहे ते वेगळंच. सायलेन्सरच्या नटाला गॅस ठीक, इथे नाही.

इथे ग्राइंडर. चार इंची कटिंग व्हील, चष्मा लावून, ब्रेक होजवर ओला जाड कपडा टाकून. नटाच्या एका सपाट बाजूला उभा काप दे, आट्यांना लागायच्या थोडं आधी थांब, मग कापात छन्नी ठेवून एक घाव, नट उमलतो. वरचा बोल्ट ठोकून काढायचा तर नट परत उलटा चढव, बोल्टच्या टोकाशी समपातळीत आला पाहिजे, आणि मग ठोक. नुसत्या बोल्टवर ठोकलंस तर टोक मशरूमसारखं पसरतं आणि भोकातून कधीच जात नाही. काही गाड्यांत बोल्टच्या मानेवर (डोक्याखालच्या बिनआट्याच्या भागावर) दाते असतात, त्यामुळे बोल्ट फिरवायचा नाही, फक्त ठोकायचा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. वर बॉनेटखाली शॉकअपचा मधला मोठा नट दिसतो तो स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय (स्प्रिंग दाबून धरणाऱ्या साधनाशिवाय) उघडायचा नाही. स्प्रिंग दाबलेली असते, सुटली तर तोंड फोडते. बाजूचे छोटे नट काढून पूर्ण असेंब्ली उतरव, स्प्रिंग गॅरेजमध्ये नव्या शॉकअपवर चढवून घे, ते लोक थोड्या पैशात करतात.

देवबागचो_ड्रायव्हर

चिरे काढले, फणसाचे ओंडके लावले. नवीन बोल्ट आणायचेच आहेत तर स्टेनलेसचे टाकू का? म्हणजे परत गंजायची भानगड नाही.

रत्नांग्री_पाना

कोकणात सगळ्यांना हा मोह होतो. टाकू नको. दुकानात मिळणारा साधा स्टेनलेस ए२-७० (हीही ग्रेडच) म्हणजे सुमारे ७०० मेगापास्कलच्या ताणाला तुटतो, कंपनीच्या बोल्टच्या डोक्यावर ८.८ असेल तर ८००, १०.९ असेल तर १००० च्या वर. डोक्यावरचा आकडा वाच आणि त्याच ग्रेडचा आण. स्टेनलेस-स्टेनलेस आटे तर आवळतानाच एकमेकांत रुततात. कंपनीचाच घाल, आणि भोकातून जाणाऱ्या मानेला कॉपर ग्रीस लाव, आट्यांना नको कारण ग्रीस लागलं की तोच टॉर्क देऊन जास्त आवळला जातो.

देवबागचो_ड्रायव्हर

अपडेट. दोन रात्री डिझेलचा कपडा बांधला, नट तरीही ढिम्म, शेवटी ग्राइंडरने कापला आणि छन्नीच्या दुसऱ्या घावाला उमलला. वरचा बोल्ट नट उलटा लावून ठोकला, अर्ध्या तासात निघाला, त्याची मान गंजून सोललेल्या उसासारखी झाली होती. सगळी असेंब्ली कुडाळला नेली, स्प्रिंग तिथेच नव्या शॉकअपवर चढवली, आणि जोडल्यावर परत कुडाळला अलाइनमेंटला, कारण ते दोन बोल्ट हलले की चाकाचा कोन बदलतो हे तिथला पोरगा म्हणाला.

आता दुसरी बाजू. आज संध्याकाळीच डिझेल लावून प्लास्टिक बांधलंय. बाय विचारतेय गाडीला बँडेज कशाला.