खुंटं तयार आहेत, काडी कुठली भरू? (वाइनचं द्राक्ष आणि सरकारी निर्णय)

दिंडोरीकर_३४

नमस्कार मंडळी,

दिंडोरी तालुक्यात आमची साडेपाच एकर द्राक्षबाग आहे. दोन एकर शिराझ (वाइनचं द्राक्ष) एका वायनरीच्या करारावर, बाकी थॉमसन (खायचं). गेल्या फेब्रुवारीत आणखी एका एकरात डॉगरीजची खुंटं लावली (नुसती मुळं धरायला, वर हव्या त्या जातीची काडी कलम करायची). आता २०२५ चा सप्टेंबर उजाडला, कलम भरायची वेळ झाली आणि टोळीवाला रोज फोन करतोय, "दादा, काडी कुठली भरायची तेवढं सांगा." थॉमसन की शिराझ, इथेच घोडं अडलंय.

वडील म्हणतात थॉमसन. मी शिराझच्या बाजूचा. जीएचं डिपिंग (मणी वाढवायला घड संजीवकात बुडवणं) नाही, घडातले मणी विरळ करायला बायका शोधत गावभर फिरायचं नाही, मणी फुगवायचा नाही. आणि माल घेऊन रातोरात पसार होणारा व्यापारी नाही (एकदा पोळलोय). यंदा तर मेपासूनच पाऊस लागलाय, जुन्या बागेच्या काडीत घड किती धरलाय देव जाणे.

वायनरीचा फील्ड ऑफिसर म्हणतो, "लावा बिनधास्त, सुपरमार्केटात वाइन विकायचं होणारच आहे." हेच मी २०२२ पासून ऐकतोय. त्या वर्षी २७ जानेवारीला मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाइन विकू द्यायचा निर्णय घेतला तेव्हा नाशिकला माझ्या मामांनी काय केलं ऐका. त्यांचं किराणा-सुपरमार्केट अकराशे चौरस फुटांचं. अट किमान हजाराची होती, म्हणजे बसत होतं. पेपरात वाचलं की सव्वादोन घनमीटरचं कुलूपबंद कपाट लागेल. मामांनी चौथ्या दिवशी सुताराला बोलावलं. सागवानी चौकट, काचेची दारं, पितळी कुलूप, आत बाटल्या आडव्या ठेवायला तिरप्या फळ्या. त्या कपाटात आज काजू-बदाम आहेत. तिरप्या फळ्यांवरून पाकिटं घसरतात म्हणून मामी पुढे रबरबँड ताणून लावते.

तर जाणकारांनी सांगा, त्या निर्णयाचं नक्की झालं काय? येणार आहे की बासनात गेला? आणि यंदा जूनमध्ये दारूवरचा कर वाढला त्याचा वाइनला फायदा होईल का? जाता जाता एक: बागेतच थोडी वाइन करून पर्यटकांना विकता येते का?

---

निवृत्त_बाबू

उत्पादन शुल्क खात्यात अठ्ठावीस वर्षं टेबलावर काढली, म्हणून लिहितो.

मंत्रिमंडळाचा निर्णय म्हणजे कायदा नव्हे. १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाखाली (हो, आपला दारू विकण्याचा कायदा नावाने दारूबंदीचाच आहे) नियमांत दुरुस्ती व्हावी लागते, अधिसूचना निघावी लागते, मग परवाना. २०२२ ला पहिली पायरी झाली आणि गाडी तिथेच थांबली. अण्णा हजाऱ्यांनी १४ फेब्रुवारीपासून उपोषणाचा इशारा दिला, तेव्हा लोकांच्या हरकती-सूचना मागवू असं ठरलं. त्या मागवल्या, आणि जूनअखेर सरकारच गेलं. तुमच्या मामांचं कपाट त्या हरकतींच्या गठ्ठ्याखाली अडकलंय म्हणा. वर्षाला पाच हजार रुपये फी, देवळाजवळ-शाळेजवळ नाही, दारूबंदीच्या जिल्ह्यात नाही, अशा अटी वाचून कितीतरी दुकानदार आमच्या कचेरीत फॉर्म मागायला आले होते. फॉर्मच नव्हता.

वाइनला सरकारची खरी मदत दुसरीकडून आहे. वाइनवर २० टक्के व्हॅट, त्या विसातले १६ उत्पादकाला परत. मधली काही वर्षं हा परतावा अडकला होता. जानेवारी २०२४ ला योजना पाच वर्षांसाठी वाढवली. पण नीट वाचा, उत्पादकाला. उत्पादक म्हणजे वायनरी, तुम्ही नव्हे. तुमच्यापर्यंत त्यातलं किती झिरपतं ते तुमच्या द्राक्षाच्या दराच्या पावतीवरून कळेल.

बागेतली वाइन: विनापरवाना एक बाटलीसुद्धा विकू नका. निर्मितीचा परवाना वेगळा, विक्रीचा वेगळा, साठ्याच्या नोंदवह्या वेगळ्या. एका एकराच्या मालावर हा व्याप झेपत नाही.

---

परमिटरूम_ठाणे

जूनच्या करवाढीबद्दल मी सांगतो, कारण बिल मीच भरतोय.

भारतीय बनावटीच्या विदेशी मद्याचं (व्हिस्की, रम वगैरे) शुल्क निर्मिती खर्चाच्या तिप्पट होतं ते साडेचारपट केलं. जून २०२५ ला १८० मिलीचा किमान दर रुपयांत असा ठरला: देशी ८०, नवी निघालेली महाराष्ट्र मेड लिकर १४८, विदेशी २०५, प्रीमियम ३६०. ही महाराष्ट्र मेड लिकर धान्यापासूनची आणि इथल्याच कंपन्यांनी करायची, म्हणजे तुमच्या द्राक्षाचा संबंध नाही. बिअर आणि वाइन वाढीतून वगळली. वरून आम्हा बारवाल्यांचा व्हॅट आधीच ५ टक्क्यांचा १० केलेला, लायसन्स फी १५ टक्क्यांनी वाढवली. १४ जुलैला सगळ्यांनी बार बंद ठेवले ते यासाठीच.

आता तुमचा प्रश्न: क्वार्टर महाग झाली म्हणून गिऱ्हाईक वाइनकडे वळलं का? माझ्या काउंटरवर तरी नाही. क्वार्टरवाला महाग झाल्यावर नाइन्टीवर (अर्ध्या क्वार्टरवर) येतो, नाहीतर वाइन शॉपमधून घेऊन गाडीत बसतो. वाइन माझ्याकडे महिन्याला सहा-सात बाटल्या जाते, त्यातल्या दोन वाढदिवसाच्या. उघडलेली बाटली तीन दिवसांत आंबते, ती मीच ओततो.

---

वरोऱ्याची_लेक

शेतकऱ्याशी भांडण नाही दादा, पण दुसरी बाजूही ऐका.

मी चंद्रपूर जिल्ह्यातली. आमच्याकडे १ एप्रिल २०१५ ला दारूबंदी झाली आणि २०२१ ला उठली. बंदीच्या काळात दारू मिळत नव्हती असं म्हणणार नाही. आमच्या गल्लीत ती शाळेच्या दप्तरातून यायची, आणि दप्तर वाहणाऱ्या पोराला मी ओळखत होते. तरीही बंदी उठली त्या आठवड्यात आई रात्री दाराला आतून दोन कड्या लावायला लागली. बाबा घरीच असायचे. ती कुणाला बाहेर ठेवत होती ते मी कधी विचारलं नाही.

दारूचं दुकान नको असेल तर २००८ च्या नियमाने बायकांना मतदान मागता येतं, उभी बाटली की आडवी बाटली. यादीतल्या एकूण मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडवीला पडली की दुकान बंद. त्यासाठी सह्या गोळा करत घरोघर फिरायला काय लागतं ते फिरलेल्यांना विचारा. मग किराण्याच्या दुकानातल्या कपाटाला आडवं कसं करायचं? माझा मुलगा दहा वर्षांचा आहे, साखर आणायला तोच जातो. "वाइन म्हणजे दारू नाही" हे तेव्हा टीव्हीवर इतक्यांदा ऐकलं, पण बाटलीवरचा इशारा तर तोच असतो ना?

---

पालखेडचा_अण्णा

पोरा, तू कायद्याचं विचारतोस. मी तुला क्रेटचं सांगतो.

२००१ ला द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आलं. विंचूरला वाइन पार्क, तिकडे पलूसला दुसरं. सरकार सगळं आपल्या बाजूने होतं. २००६ ला मी तीन एकर काबर्ने (तीही वाइनचीच जात) लावली, बँकेचं कर्ज काढून. पहिले दोन हंगाम असे गेले की घरावर स्लॅब टाकला. मग मुंबईवर हल्ला झाला, मंदी आली, हॉटेलं ओस पडली. २०१० च्या फेब्रुवारीत पहाटे चारला तोडणी करून दोनशे क्रेट घेऊन वायनरीच्या गेटवर उभा राहिलो. ब्रिक्स (रसातली साखर) बरोबर, माल स्वच्छ. आतून माणूस आला, म्हणाला, "टाक्या रिकाम्या नाहीत, उद्या बघू." उद्याही तेच. तिसऱ्या दिवशी क्रेटखालून रस गळायला लागला, ट्रॅक्टरभोवती मधमाश्यांचं मोहोळ.

त्या दिवशी कायदा बदलला नव्हता. सवलती होत्या तशाच होत्या. माल मात्र सडला.

थॉमसन बिघडली तर तू बेदाणा करशील, लोकल बाजारात पाठवशील, काही ना काही सुटेल. काबर्ने, शिराझचं काय करशील? मणी वाटाण्याएवढा, बी मोठं, साल चिवट. बाजार समितीत नेली तर हमाल हसतो. माझी शेळ्यांनी खाल्ली, आणि चौथ्या दिवशी शेळ्यांनीही तोंड फिरवलं. त्या पावसाळ्यात बागेला कुऱ्हाड लावली.

लावू नको असं म्हणत नाही. चांगली वायनरी मिळाली, वेळेवर पैसे मिळाले, तर वाइनच्या द्राक्षाएवढी झोप दुसऱ्या पिकात नाही. पण तुझ्या करारात काय लिहिलंय ते वाचलंस का? भाव लिहिलेला असतो. किलो किती उचलणार, ते लिहिलंय का?

---

दिंडोरीकर_३४

सगळ्यांचे आभार.

ताई, तुमचं वाचून मामींना फोन केला. त्या म्हणाल्या, बरं झालं नाही आलं ते, मला काउंटरवर बसून पोरांची वयं विचारायची नव्हती. हे त्या तीन वर्षांत पहिल्यांदा बोलल्या.

अण्णा, काल रात्री करार काढला. अकरा पानं, इंग्रजीत. बायकोने वाचून दाखवला. भाव आहे, ब्रिक्स आहे, कुठली औषधं मारायची नाहीत त्यांची दोन पानी यादी आहे. आणि माल उचलण्याबद्दल एकच ओळ: कंपनीच्या गरजेनुसार. दोन एकर शिराझ मी सहा वर्षं त्या एका ओळीवर जगवतोय.

आज सकाळी फील्ड ऑफिसर बागेत आला होता. त्याला म्हटलं, नव्या एकराला शिराझ भरतो, पण वर्षाला किमान किती टन उचलणार आणि नाही उचललं तर काय, हे करारात लिहून द्या. त्याने बांधावरच चहा संपवला, कप विसळला, म्हणाला, "साहेबांना विचारून सांगतो."

टोळीवाल्याला शुक्रवारपर्यंत थांबवलंय. थॉमसनची काडी शेजारच्यांकडून आणून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवली आहे.