अनुभव धागा : कोकणात मोठ्या कुटुंबासाठी घर शोधताना

तीन-चार पिढ्या एकत्र राहणार असतील, तर जाहिरातींतील ‘टू बीएचके’, ‘थ्री बीएचके’ ही मापे फारशी उपयोगी पडत नाहीत. आजोबांना रात्री न्हाणीघरापर्यंत किती चालावे लागेल, दोन जावांच्या स्वयंपाकाच्या वेळा जुळतात का, मे महिन्यात विहिरीला पाणी असते का आणि गणपतीला मुंबई-पुण्याहून येणारे दीर-पुतणे झोपणार कुठे, हे विकणारा आपणहून सांगत नाही. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत ज्यांनी असे घर शोधले, घेतले किंवा शोध अर्ध्यावर सोडला, त्यांनी आपला अनुभव तपशिलाने लिहावा. किंमत किती पडली यापेक्षा कागदपत्रे, पाणी, वाट आणि घरातल्यांचे एकमत या गोष्टी कशा मार्गी लागल्या, हे वाचायला अधिक आवडेल. दलाल आणि बांधकाम व्यावसायिक यांची नावे कृपया लिहू नयेत.

सुरुवात मी करते. पुढे प्रत्येकाने आपल्या ठिकाणाच्या नावाखाली लिहावे.

रत्नागिरी शहरालगत

आजेसासूबाई, सासू-सासरे, आम्ही दोघी जावा, आमचे यजमान आणि पाच मुले अशी आम्ही बारा माणसे आहोत. नाचणे आणि कुवारबाव या भागांत एवढ्या माणसांना पुरेल असे स्वतंत्र घर आमच्या ऐपतीत बसेना, म्हणून एकाच मजल्यावरील दोन सदनिका घेण्याचा विचार पुढे आला. मधली भिंत काढून एकच मोठे घर करावे, असा सासऱ्यांचा आग्रह होता. मात्र त्यासाठी सोसायटीची संमती, बांधकामाची परवानगी आणि अभियंत्याचा दाखला लागतो, आणि पुढे कधी एकाला आपला भाग विकायचा झाला तर सगळेच पुन्हा निस्तरावे लागते. अखेरीस समोरासमोर दारे असलेल्या दोन सदनिका भिंतींना हात न लावता घेतल्या. दारे दिवसभर उघडी असतात, वीजमीटर वेगळे आहेत आणि स्वयंपाकाचे ओटेही दोन आहेत. दोन ओट्यांमुळे घरातील निम्मे वाद सुरूच होत नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे. सासूबाईंना ते अजून मान्य नाही.

मजला आम्ही मुद्दाम पहिला निवडला. पावसाळ्यात वीज गेली की लिफ्ट बंद पडते आणि आजेसासूबाई घरातच अडकतात.

नाव कोणाचे लावायचे यावर बराच खल झाला. १ एप्रिल २०२१ पासून केवळ स्त्रियांच्या नावाने होणाऱ्या निवासी खरेदीला मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, म्हणून दोन्ही खरेदीखते सासू-सुनांच्या नावे करावीत, असे ठरत आले होते. परंतु गृहकर्ज फेडणाऱ्याचे नाव मालकीत नसेल, तर त्याला व्याजाची आयकरातील वजावट मिळत नाही. हिशेब दोन्ही बाजूंनी मांडून एक सदनिका स्त्रियांच्या नावे आणि दुसरी दोघा भावांच्या नावे केली.

गुहागर तालुका

आम्हाला गावातच, वाडीसह (बागेसह) जुने घर हवे होते. आमच्याकडे किनाऱ्याजवळची आगरे, म्हणजे नारळ-पोफळीच्या जागा, रस्त्यापासून समुद्राकडे लांबच लांब आणि अरुंद असतात, त्यामुळे घरही मागे मागे वाढत गेलेले असते: पुढे खळे (अंगण) आणि ओटी, मग माजघर, देवघर, स्वयंपाकघर, मागची पडवी आणि शेवटी विहीर. चौदा माणसांना अशी रचना सोयीची वाटते, कारण पुढच्या भागातील गप्पांनी मागे निजलेल्यांची झोप मोडत नाही. माजघर अंधारे आणि न्हाणीघर बाहेर, या दोन अडचणी मात्र बहुतेक घरांत सारख्याच आढळतात. जांभ्याच्या भिंती बहुधा शाबूत असतात. वाळवी लागते ती भालांना, म्हणजे तुळयांना, आणि वाशांना, म्हणून सोबत जुना सुतार घेऊन माळ्यावर चढल्याशिवाय किमतीची बोलणी करू नयेत.

खरी परीक्षा सह्यांची असते. पसंत पडलेल्या घराच्या सातबारावर आजोबांच्या पिढीची नावे होती आणि वारसनोंदी अर्धवट होत्या. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, तरीही विकणारे वडीलबंधू ‘बहिणी काही म्हणणार नाहीत’ एवढ्यावरच व्यवहार करायला निघाले होते. एक बहीण बडोद्याला, एक डोंबिवलीला आणि एक पुतण्या परदेशात. बहिणींनी हक्कसोडपत्र न देता स्वतः विक्रेत्या म्हणून सही करावी आणि आपला वाटा घ्यावा, असे आमच्या वकिलांनी सुचवले, आणि ते सर्वांनाच पटले. पुतण्याचे कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित होऊन आले. वारसनोंदींचा फेरफार पूर्ण होईपर्यंत आम्ही इसाऱ्यापलीकडे एक रुपयाही दिला नाही.

आणखी दोन गोष्टी नमूद करतो. ग्रामपंचायतीचा घराचा उतारा, म्हणजे नमुना ८, हा कर आकारणीसाठी असतो. घराखालची जमीन कोणाची, हे सातबाराच सांगतो, आणि कोकणात ही दोन नावे वेगळी निघणे मुळीच दुर्मीळ नाही. दुसरे असे की वाडीची जमीन शेतीची असेल, तर १९४८ च्या कुळकायद्यानुसार ती घेणारा शेतकरी असावा लागतो. माझ्या वडिलांचे नाव दुसऱ्या गावच्या सातबारावर होते म्हणून आमचे निभावले. सातबारावर याच कायद्याच्या कलम ४३ चा (कुळाला मिळालेल्या जमिनीच्या विक्रीवरील बंधनाचा) शेरा असेल, तर विक्रीपूर्वी परवानगी लागते का, हेही पाहून घ्यावे.

चिपळूण

आमच्यापुढे पेच असा होता की वृद्धांना तळमजला हवा आणि पुराला तळमजला नको. २२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठी आणि शिवनदीचे पाणी शहरात किती चढले होते, हे पाहिलेल्या माणसाला तळमजल्याचे घर दाखवण्यात काही अर्थ नसतो, तरीही दलाल आम्हाला तीच दाखवत राहिले. आम्ही नगर परिषदेत निळ्या (वारंवार येणाऱ्या पुराच्या) आणि लाल (क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराच्या) पूररेषेचा नकाशा पाहिला, आणि त्याहून उपयोगी म्हणजे प्रत्येक ठिकाणी शेजाऱ्यांना २००५ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी कुठपर्यंत आले होते ते विचारले. सध्या उंचावरील वस्तीत भाड्याने राहतो आहोत. शोध सुरू आहे.

मालवण तालुका

आमचा मासेमारीचा व्यवसाय असल्यामुळे किनारा सोडणे सोपे नव्हते. तिघा भावांची कुटुंबे वडिलांच्या घरात मावेनाशी झाली, तेव्हा त्याच जागेवर घर वाढवावे, असे सर्वांना वाटत होते. आमच्यासारख्या विरळ वस्तीच्या गावांत भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंतचा पट्टा सीआरझेडच्या (किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या) नियमांनी ना-विकास क्षेत्र ठरतो. तिथे जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी करता येते, पण जोत्याचे क्षेत्रफळ वाढवता येत नाही. स्थानिक मच्छीमारांच्या घरांसाठी काही सवलती आहेत, परंतु त्या आपोआप मिळत नाहीत, रीतसर प्रस्ताव करावा लागतो. खाडीकाठी घर पाहणाऱ्यांनीही तिथे लागू असलेले अंतर तपासावे. सीआरझेड फक्त समुद्राला आहे, अशी अनेकांची समजूत असते.

शेवटी थोरले दादा आणि आई-बाबा किनाऱ्यावरच राहिले, कारण जाळी आणि होडी तिथेच. आम्ही दोघा धाकट्यांनी कसालच्या रस्त्याला, आत, शेजारी-शेजारी दोन घरे घेतली. गणपती मूळ घरातच बसतो आणि त्या दिवसांत सगळे तिथेच निजतात. एकत्र राहायचे म्हणून सुरू केलेल्या शोधातून तीन घरे झाली, याची आईला खंत आहे.

देवगड तालुका

सड्यावरचे (कातळाच्या पठारावरचे) घर पाहायला जाणाऱ्यांनी पाण्याचा हिशेब घरातल्या माणसांच्या संख्येने करावा. जलजीवन मिशनचे ग्रामीण भागाचे मापच माणशी दररोज ५५ लिटर आहे. आम्ही सोळा माणसे, म्हणजे ८८० लिटर झाले, आणि त्यात बागेचे शिंपणे नाही. पावसाळ्यात तुडुंब दिसणारी विहीर सड्यावर एप्रिलमध्ये तळ दाखवते, म्हणून मनात भरलेले घर आम्ही मे महिन्यात पुन्हा पाहिले आणि नाकारले. खाली किनाऱ्याजवळ पाणी वर्षभर होते, पण मचूळ. अखेर उतारावर मध्ये कुठेतरी, झऱ्याच्या बाजूला घर मिळाले. ते फारसे देखणे नाही.

श्रीवर्धन

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर आमच्या शोधात छप्पर हा पहिला मुद्दा झाला. काकांना मंगळोरी कौलेच हवी होती, आम्हा तरुणांना स्लॅब. तडजोड म्हणून निम्म्या भागावर स्लॅब असलेले कौलारू घर घेतले. वादळाचा इशारा आला की सर्वजण स्लॅबखालच्या दोन खोल्यांत जमतात. घर लहान पडते, हे उघडपणे कोणी बोलत नाही.

वेंगुर्ले तालुका

वरील अनुभवांत वाटेचा विषय राहून गेला आहे. आम्ही पाहिलेली चांगली घरे पाखाडीच्या (दगडी पायवाटेच्या) पायऱ्या उतरून होती, आणि वडिलांना डायलिसिससाठी वारंवार न्यावे लागत असल्याने गाडी दारापर्यंत येणे अत्यावश्यक होते. एका घराला गाडीची वाट होती, पण ती चुलत घराण्याच्या जमिनीतून जाणारी. ‘पूर्वापार वहिवाट आहे, कोणी अडवत नाही’ असे आम्हाला सांगण्यात आले. आम्ही त्या जमीनमालकांना भेटून, त्यांना योग्य मोबदला देऊन, वाटेची रुंदी आणि सर्व्हे नंबर यांसह नोंदणीकृत दस्त करून घेतला आणि मगच घराचे खरेदीखत केले. विकणाऱ्यांना हा संशयखोरपणा वाटला आणि त्यांनी तसे तोंडावर सांगितले. मात्र गडग्याचे (दगडी कुंपणाचे) चिरे हलवून वाट रुंद करायच्या दिवशी ते स्वतः दोन गडी घेऊन आले होते.