सिमिली ओळखली, गुण मिळाले. कविता कळली का?

आषाढसर (धागाकर्ती)

बारावीला इंग्रजी शिकवते. राज्य मंडळाच्या पुस्तकात सरोजिनी नायडूंची 'इंडियन वीव्हर्स' आहे. तीन कडवी, बारा ओळी. विणकर पहाटे नवजात बाळाचं वस्त्र विणतात, रात्र पडताना राणीच्या लग्नाचे बुरखे आणि शेवटी थंड चांदण्यात प्रेतावर घालायचं कफन. गाइडात या कवितेखाली सिमिलींची, म्हणजे उपमांची, यादी असते. मुलं 'ॲज' आणि 'लाइक' शोधतात, 'दोन गोष्टींची तुलना केली आहे' असं लिहितात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात.

आता त्या उपमा शेजारी शेजारी ठेवून बघा. बाळाचं वस्त्र हॅल्सियनच्या, म्हणजे खंड्याच्या पंखासारखं निळं. लग्नाचं मोरपिसांसारखं जांभळं-हिरवं. कफन पिसासारखं आणि ढगासारखं पांढरं. तिन्ही वेळा पक्षीच आहे. पण पहिल्या दोन कडव्यांत पक्ष्याला नाव आहे, रंग आहे. तिसऱ्यात कोणाचं ते माहीत नसलेलं एकच सुटं पीस उरतं. प्रश्नही बदलतो. पहिल्या दोन कडव्यांत विचारणारा म्हणतो, इतकं सुंदर वस्त्र का विणता? तिसऱ्यात म्हणतो, काय विणता? त्याला ते वस्त्र आहे हेच ओळखू येत नाही.

हे सगळं बारा ओळींत आहे आणि आपण मुलांकडून फक्त 'सिमिली' हा शब्द काढून घेतो. माझं म्हणणं असं की कवितेची रचना आणि अलंकार सध्या शिकवतो त्यापेक्षा जास्त शिकवायला हवेत. फक्त नाव ओळखल्यावर थांबू नये, 'इथे याने काय केलं?' हे प्रत्येक वेळी विचारावं.

---

रानवाट

असहमत, आणि हे तळमळीने लिहितोय. माझ्या वर्गातली बहुतेक मुलं मराठी माध्यमातून आलेली आहेत. त्यांना इंग्रजी वाक्यातला कर्ता सापडायलाच वेळ लागतो. त्यावर आपण ॲपॉस्ट्रॉफी, सिनेकडकी, ऑनोमाटोपिया अशी अलंकारांची नावं लादतो. स्पेलिंग पाठ करण्यात त्यांचा सगळा जीव जातो आणि कविता बाजूला राहते.

त्याच पुस्तकात दिलीप चित्र्यांची 'फादर रिटर्निंग होम' आहे. ती मी एकही संज्ञा न सांगता वाचली. संध्याकाळच्या उशिराच्या गाडीत उभा असलेला बाप, भिजलेला शर्ट-पँट, चिखल लागलेला रेनकोट, पुस्तकांनी फुगलेली पिशवी. वर्ग गप्प झाला. कित्येकांचे वडील रोज अप-डाऊन करतात. बाप गाडीतून उतरतो तो लांबलचक वाक्यातून गळलेल्या शब्दासारखा, ही ओळ आली तेव्हा एक मुलगा म्हणाला, "सर, म्हणजे तो नसला तरी कोणाचं काही अडत नाही." दुसऱ्या तासाला मी फळ्यावर 'सिमिली' लिहिलं. लगेच सगळ्यांनी वह्या काढल्या आणि बोलणं बंद झालं.

---

आषाढसर

तुमच्या त्या मुलाला माझा नमस्कार सांगा. त्याने जे केलं तेच मला हवं आहे. वाक्यातून शब्द गळला तर वाक्याचं काय होतं, हा प्रश्न त्याने स्वतःच स्वतःला विचारला.

पण तिथून अजून पुढे जाता येतं. बापाला झाड, ढग, ओंडका असं काहीही म्हणता आलं असतं. चित्र्यांनी शब्दच का निवडला? घरात त्याच्याशी कोणी बोलत नाही म्हणून. मुलं त्याला आपले विनोद सांगत नाहीत, गुपितं सांगत नाहीत. झोपताना तो रेडिओवरची खरखर ऐकत पडतो. कवितेभर बोलणं तुटलेलं आहे, म्हणून बाप हा गळलेला शब्द. उपमेचा दुसरा भाग कुठून आणला, हे विचारायची सवय असेल तर ही जोडणी सापडते. नुसती कविता भिडली म्हणून ती सापडेलच असं नाही.

---

अनुष्टुभ

दोघंही अलंकारांपाशीच अडकला आहात. छंदाचं काय? इंग्रजी कविता आपल्याला सपाट ऐकू येते, कारण आपण तिची सगळी अक्षरं सारख्याच जोराने म्हणतो.

'मना सज्जना भक्तिपंथेचि जावे' म्हणताना लगागा, लगागा आपोआप येतं. आपला कान लघु-गुरू, म्हणजे अक्षराची लांबी ऐकतो. इंग्रजी छंद आघातावर चालतो. तिथे अक्षर किती लांब आहे यापेक्षा त्यावर जोर आहे की नाही याला महत्त्व. हे एकदा सांगितलं की बायरनची 'शी वॉक्स इन ब्यूटी' मोठ्याने वाचून बघा. शी *वॉक्स* इन *ब्यू*टी *लाइक* द *नाइट*. एक हलकं, एक जड, असे चार ठोके. हे आयँबिक टेट्रामीटर. नाव नंतर सांगितलं तरी चालेल, ठोके मात्र टेबलावर बोटांनी वाजवून दाखवा.

आणि पहिली ओळ संपते तिथे क्षणभर थांबा. ती रात्रीसारखी चालते. सौंदर्याला रात्रीची उपमा? प्रेमकवितेत नायिका उजेडासारखी असायची, इथे काळोख आला. मग दुसरी ओळ सांगते की ही निरभ्र आकाशाची, चांदण्यांची रात्र आहे, आणि तिसरीत काळोख आणि तेज एकत्र येतात. ओळ मोडून वाक्य पुढच्या ओळीत नेणं, म्हणजे एनजॅम्बमेंट. त्या मोडीत बायरनने वाचकाला अर्धा क्षण अंधारात ठेवलं. याच दोन ओळी गद्यात सलग लिहिल्या की तो अर्धा क्षण जातो.

---

मुक्तछंदी

अनुष्टुभ, वाचताना मजा आली, पण मूळ मुद्दा मला पटत नाही. ज्या काळात कविता त्या त्या साच्यात लिहिली जात होती त्या काळासाठी हे ज्ञान ठीक. मिल्टनने स्वतः 'पॅरडाइज लॉस्ट' (१६६७) यमकाविना लिहिलं आणि नंतर जोडलेल्या टिपणात यमकाला चक्क बंधन म्हटलं. व्हिटमनने १८५५ मध्ये छंदच सोडला, आणि त्याची 'साँग ऑफ द ओपन रोड' याच पुस्तकात आहे. अरुण कोलटकरांच्या इंग्रजी 'जेजुरी'त ज्वारीच्या शेतात नाचणारे कोंबडे-कोंबड्या कागदावर शब्द वरखाली उडवून दाखवलेत. ते कोणत्या साच्यात बसवणार? साचे आधी शिकवले की मुलांना वाटतं, यात बसते तीच कविता. माझ्या ओळखीतले कितीतरी चांगले वाचक या धसक्याने इंग्रजी कवितेकडे फिरकत नाहीत.

---

अनुष्टुभ

मिल्टनचं नाव तुम्हीच काढलंत, तर त्याचंच सुनीत, म्हणजे चौदा ओळींचं सॉनेट, घेऊ. १६५२ पर्यंत तो पूर्ण आंधळा झाला होता. त्यावरची त्याची प्रसिद्ध कविता 'व्हेन आय कन्सिडर हाउ माय लाइट इज स्पेंट' इटालियन कवी पेट्रार्कच्या पद्धतीची आहे. आधी आठ ओळींत अडचण मांडायची, मग नवव्या ओळीला वळण घेऊन सहा ओळींत उत्तर द्यायचं. (मराठीत ही चौदा ओळींची रचना १८९२ मध्ये केशवसुतांनी आणली, त्यामुळे आपल्यालाही ती परकी नाही.)

मिल्टन देवाकडे तक्रार करतो: दृष्टी काढून घेतलीस, वर दिवसभराच्या कामाचा हिशेबही मागणार का? हा प्रश्न सातव्या ओळीत येतो. नियमाने उत्तर नवव्या ओळीत सुरू व्हायला हवं. पण आठव्या ओळीच्या मध्येच 'बट पेशन्स' असं येतं आणि सबुरी बोलू लागते, तक्रार तोंडातून पुरती बाहेर पडण्याआधी ती थोपवायला. आठवी ओळ संपते तीच 'प्रिव्हेंट' या शब्दावर. सबुरी स्वतःच वाट न बघता आधी आली! वळण कुठे यायचं होतं हे ज्याला माहीत नाही, त्याला ती आधी आली हे कसं कळणार?

व्हिटमनबद्दल एवढंच: त्या कवितेत 'हेन्सफोर्थ आय' म्हणत लागोपाठच्या दोन ओळी सुरू होतात. छंद सोडल्यावर लय कुठून आणायची याचं ते त्याचं उत्तर होतं.

---

मुक्तछंदी

मिल्टनचं उदाहरण मान्य. पण ते कवितेच्या मुरलेल्या वाचकाला लागू पडतं. सतरा वर्षांच्या मुलाने आधी शंभर कविता नुसत्या वाचाव्यात. दहा-बारा सुनीतं वाचली की नवव्या ओळीला काहीतरी होतं हे त्याचं त्यालाच जाणवेल. ते जाणवायच्या आत आपण सांगून टाकतो, हे मला खटकतं.

---

लालपेन

तपासणाऱ्याची बाजूही ऐका. गठ्ठा समोर असतो, वेळ मोजका असतो. 'इथे उपमेने काय केलं' याचं उत्तर एका मुलाने सुंदर लिहिलं आणि दुसऱ्याने गोल गोल लिहिलं, तर दोन तपासनीस दोन वेगळे गुण देतील. 'सिमिली' बरोबर की चूक, यात मतभेद होत नाही. आणि रानवाट, तुमच्या मराठी माध्यमाच्या मुलाला या प्रश्नाचाच आधार असतो. ज्याला अस्खलित इंग्रजीत रसग्रहण लिहिता येत नाही, तोसुद्धा अलंकार ओळखून गुण मिळवतो. नुसता 'परिणाम सांगा' असा प्रश्न ठेवलात तर फायदा इंग्रजी माध्यमाच्या, घरी पुस्तकं असलेल्या मुलाचा होईल. ओळखण्याचा प्रश्न रुक्ष आहे खरा, पण तो गरीब मुलावर अन्याय करत नाही.

---

आषाढसर

लालपेन, तुमचा मुद्दा सगळ्यात जड आहे. परीक्षेतून ओळखण्याचा प्रश्न काढा असं मी म्हणत नाही. तो राहू द्या. मी बोलतेय ते वर्गातल्या चाळीस-पंचेचाळीस मिनिटांबद्दल. तिथे गठ्ठा नसतो. परिणाम मराठीत सांगितला तरी चालतो. माझ्या वर्गात पिसांची चर्चा मराठीतच होते, उत्तर मग सगळे मिळून इंग्रजीत बसवतो. रानवाटांच्या त्या मुलाचं वाक्यही मराठीतच होतं.

---

रानवाट

मराठीत चर्चा करण्याला माझा पूर्ण पाठिंबा. पण एक शंका अजून शिल्लक आहे. 'इंडियन वीव्हर्स'मधली पिसं तुम्हाला दिसली, कारण हॅल्सियन म्हणजे खंड्या हे तुम्हाला माहीत होतं. माझ्या मुलांनी खंड्या विहिरीवर रोज पाहिलाय, त्यांना इंग्रजी शब्द तेवढा माहीत नव्हता. दार उघडलं ते शब्दाचा अर्थ कळल्यामुळे. 'सिमिली' या संज्ञेने त्यात काय केलं? मी आधी पक्षी दाखवेन, मग कविता वाचेन, आणि संज्ञा वर्षाच्या शेवटी, परीक्षेपुरती सांगेन.

---

आषाढसर

संज्ञेने एक काम केलं. वेगवेगळ्या कडव्यांत विखुरलेल्या ओळी एका जातीच्या आहेत हे तिने दाखवलं, म्हणून त्या शेजारी ठेवाव्याशा वाटल्या. खंड्या ठाऊक असलेल्या मुलाला पहिलं कडवं लख्ख दिसेल. पण तिसऱ्या कडव्यात पक्ष्याचं नाव नाही, हे लक्षात यायला पहिल्या दोन उपमा त्याच वेळी डोळ्यांसमोर असाव्या लागतात. वर्षाच्या शेवटी नको, दुसऱ्याच वाचनाला ती संज्ञा द्या. पहिलं वाचन पूर्णपणे तुमच्या पद्धतीने होऊ द्या, त्यावर माझा काहीच आक्षेप नाही.

---

रानवाट

दुसऱ्या वाचनाला देऊन बघतो, पण वह्या बंद ठेवून. फळ्यावर लिहिणार नाही.