मदत हवी आहे: पटावरच्या सोंगट्या अ‍ॅप ओळखतच नाही (शुक्रवारी डेमो!)

डाव_मोडला: नमस्कार मंडळी. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आहे, अर्धा बोर्ड गेम, अर्धा व्हिडिओ गेम. सोंगटी खऱ्या पटावर सरकवायची, स्क्रीनवर तीच चालते, लढते, मरते. परवापर्यंत मस्त चालू होतं. आज एकही सोंगटी ओळखत नाही. कोड तीनदा वाचला, त्याला कुणी हातही लावलेला नाही. गटातला एक जण गावाला गेलाय, दुसरा फोन उचलत नाही. लवकर सांगा प्लीज.

फिरकीपटू: ओळखत नाही म्हणजे कशाने ओळखत नाही? कॅमेरा, एनएफसी (जवळ टेकवून वाचायची रेडिओ चिप) की पटाखाली चुंबकं? का पत्रिका मांडून बघू?

डाव_मोडला: कॅमेराच ना. मोबाइल वर स्टँडला लावलाय, सोंगटीवर छापलेली काळी चौकोनी खूण तो वाचतो.

खटपट्या: कॅमेऱ्याच्या नादी लागूच नका. सोंगटीच्या बुडाला एनटॅग २१३ या एनएफसी चिपचं स्टिकर, पटाखाली रीडर. १३.५६ मेगाहर्ट्झवर चालतं, उजेड असो नसो. आम्ही तेच केलं होतं.

फिरकीपटू: ६४ घरं असली तर ६४ रीडर? एकाचा पल्ला जेमतेम काही सेंटिमीटर. आणि हे सगळं शुक्रवारपर्यंत?

खटपट्या: एकच पुरतो. खेळी केली की सोंगटी रीडरला टेकवायची.

रसिका: मग तो पट कसला, हजेरीचं मशीन झालं.

निवांत_काका: पट दिसायलाच हवा असं कुठाय? १९८१ साली मिल्टन ब्रॅडली कंपनीचा 'डार्क टॉवर' आला. मधोमध बॅटरीवर चालणारा बुरूज. शिपाई, सोनं, धान्य, सगळा हिशेब त्याच्याकडे, पण सोंगटी कुठे आहे त्याला पत्ता नसे. खेळाडूच बटणं दाबून सांगायचा. तरी काय रंगायचा खेळ! १९९१ मध्ये व्हिडिओ कॅसेट लावून खेळायचा 'नाइटमेअर' आला, तो तर...

कोडकीडा: गेम युनिटी इंजिनात करताय का? त्यापेक्षा गोडो इंजिन घ्या. एमआयटीचा मुक्त परवाना, पूर्ण मोफत.

डाव_मोडला: काका, छान आहे, पण शुक्रवार!! आणि इंजिनचं मी विचारलेलंच नाही.

रसिका: कोडला हात लावला नाही, मग कशाला लावलात? परवा आणि आज यात काय बदललं?

डाव_मोडला: काहीच नाही. म्हणजे सोंगट्या फायनल केल्या. आधी कागदाचे ओबडधोबड तुकडे होते. आता लॅमिनेट करून, पट्टी धरून कटरने अगदी काळ्या चौकटीला लागून कापल्या. पटही काळा केला. सरांना नीटनेटकं हवं होतं.

रसिका: खुणा ओळखायला ओपनसीव्ही या लायब्ररीतलं अरुको आहे ना? तिथेच माती खाल्लीत. ते आधी काळ्या चौकोनाची कडा शोधतं, आतले ठिपके नंतर वाचतं. भोवतीची पांढरी पट्टी तुम्ही कापून टाकलीत आणि वर काळ्या पटावर ठेवलंत. कडा दिसणार कुठून? एका सोंगटीखाली कोरा कागद सरकवून बघा.

डाव_मोडला: ताई!!! ओळखली! चारांखाली कागद ठेवला, तीन पक्क्या. चौथी मधूनच गायब होते.

रसिका: ती नेमकी दिव्याखाली असेल. लॅमिनेशन चमकतं, पांढरा डाग पडतो आणि ठिपके पुसले जातात. मॅट कागदावर पुन्हा छापा, भोवती निदान एका ठिपक्याएवढी पांढरी किनार सोडा. डिक्शनरी, म्हणजे खुणांचा ठरलेला संच, कुठली?

डाव_मोडला: ६ बाय ६ घरांची, २५० खुणांवाली. सोंगट्या १२.

रसिका: १२ ला २५० कशाला? ४ बाय ४ ची ५० वाली घ्या. आत ३६ ऐवजी १६ च घरं, त्यामुळे तेवढ्याच आकारात प्रत्येक घर मोठं. कोडमध्येही तेच नाव बदला, नाहीतर उद्या परत धागा काढाल.

फिरकीपटू: अजून एक. सोंगटी दिसेनाशी झाली की मेली असं धरता का? खेळताना हात आडवा येतोच.

डाव_मोडला: अरे देवा. म्हणून आमचा राक्षस अधूनमधून आपोआप मरायचा. आम्ही त्याची ताकद वाढवत बसलो होतो.

फिरकीपटू: 😂 'खेळी झाली' असं बटण द्या, ते दाबल्यावरच पट वाचा. तोवर जुनी जागा धरून ठेवा.

निवांत_काका: म्हणजे शेवटी बटण दाबून सांगायचंच.

खटपट्या: एनएफसीला पांढरी किनार लागत नाही, एवढंच बोलतो.