रहस्यकथेतला पंचनामा कसा असावा?

प्रश्न : माझ्या कथेतला निरीक्षक खुनाच्या खोलीत शिरताच रक्ताळलेला सुरा रुमालात गुंडाळून खिशात टाकतो. प्रत्यक्षात असे चालते का?

पहिले उत्तर : मुळीच नाही. आधी जागा अडवून छायाचित्रे आणि मोजमापे घेतात, मगच पंचांसमोर वस्तू जप्त करून लाखेची मोहर लावतात आणि लेबलावर पंचांच्या सह्या घेतात. रक्ताने भिजलेला कपडा सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवतात, कारण प्लास्टिकमध्ये ओल कोंडून बुरशी धरते आणि डीएनए खराब होतो.

दुसरे उत्तर : कथा १ जुलै २०२४ नंतरची असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार जप्तीचे चित्रीकरणही दाखवावे लागेल.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. पंच म्हणून शेजारचा वाणी चालेल ना?

पहिले उत्तर : प्रकरणाशी संबंध नसेल तर चालेल. खटल्यात तो फितूर झाला, तर तुम्हाला आणखी एक प्रकरण मिळेल.